पस्पशाह्निक वाचायचं आहे? महाभाष्याच्या प्रतींची पारख

पाणिनीच्या व्याकरणावर पतंजलीने लिहिलेल्या महाभाष्याचं पहिलं आह्निक, म्हणजे पहिलं प्रकरण, ते पस्पशाह्निक (थोडक्यात पस्पशा). व्याकरण कशासाठी शिकायचं, शब्द म्हणजे नेमकं काय, पुण्य शुद्ध शब्द जाणण्याने मिळतं की तो वापरण्याने, आणि शब्द नित्य असेल तर शास्त्राला उरतं तरी काय काम, हे सगळे प्रश्न इथे सोडवायला घेतले आहेत. संस्कृत भाषेला आणि तिच्या व्याकरणाला भारतीय दर्शनांत जे पवित्र स्थान आहे, त्याचा सर्वांत जुना सलग युक्तिवाद इथेच वाचायला मिळतो. आकाराने हे प्रकरण लहान आहे. कीलहॉर्नच्या प्रतीत ते चौदाएक पानांत संपतं. तरीही अनेक वाचक तिसऱ्या-चौथ्या पानावर थांबतात. संस्कृत येत नाही हे त्याचं कारण क्वचितच असतं. हातातली प्रत त्या कामाची नसते, हे कारण बरंच जास्त आढळतं.

महाभाष्यात एक माणूस सलग बोलत नाही. पाणिनीचं सूत्र, त्यावर कात्यायनाचं वार्तिक (सूत्राला पुरवणी किंवा दुरुस्ती सुचवणारं छोटं वाक्य), त्यावर पतंजलीचं विवेचन, आणि विवेचनाच्या आतही शंका घेणारा, अर्धवट उत्तर देणारा आणि शेवटी निर्णय सांगणारा असे वेगवेगळे आवाज आहेत. ओळ कोणाच्या तोंडची हे ज्या प्रतीत कळतं ती चांगली. जिथे कळत नाही तिथे वाचक पूर्वपक्षालाच (खोडण्यासाठी मांडलेल्या मतालाच) सिद्धान्त, म्हणजे अंतिम निर्णय, समजून पुढे जातो. व्याकरणाच्या पावित्र्याबद्दल जी वाक्यं सर्रास उद्धृत होतात, त्यांतली बरीचशी अशीच अर्ध्यातून उचललेली असतात. खालची पारख याच एका निकषावर केली आहे. कागद, बांधणी वगैरे नंतर.

कीलहॉर्नची प्रत

फ्रान्झ कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक असताना त्यांनी हस्तलिखितं ताडून महाभाष्याची संपादित प्रत तयार करायला घेतली. ती १८८० ते १८८५ या काळात मुंबईहून तीन खंडांत निघाली. पहिल्या खंडात अध्याय १ आणि २, दुसऱ्यात ३ ते ५, तिसऱ्यात ६ ते ८. पुढे काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी तपासलेली तिसरी आवृत्ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६२ ते १९७२ या काळात काढली. आज घ्यायची ती हीच. जगभरचे अभ्यासक संदर्भ देताना याच प्रतीचा खंड, पान आणि ओळ सांगतात. त्यामुळे कुठल्याही लेखातला उतारा मिनिटभरात सापडतो.

हिचं खरं मोल वार्तिकांच्या छपाईत आहे. कात्यायनाची वार्तिकं भाष्याच्या ओघात विरघळलेली असतात. ती ओळखून, वेगळी काढून, त्यांना क्रमांक देण्याचं काम कीलहॉर्नने केलं. ते किती नाजूक आहे हे पस्पशेतच दिसतं. ‘रक्षोहागमलघ्वसन्देहाः प्रयोजनम्’ हे व्याकरणाच्या पाच प्रयोजनांचं वाक्य काही छापील प्रतींत वार्तिक असल्यासारखं ठळक अक्षरांत असतं. पण थोडं पुढे ‘सिद्धे शब्दार्थसम्बन्धे’ आलं की पतंजली सांगतो, आचार्याने एवढ्या मोठ्या शास्त्राच्या आरंभी मंगल म्हणून ‘सिद्ध’ शब्द पहिल्यांदा योजला. म्हणजे कात्यायनाचं पहिलं वार्तिक तिथून सुरू होतं. त्याआधीचं काहीही त्याचं असेल तर पतंजलीचं हे म्हणणंच कोसळेल. प्रत विकत घेण्यापूर्वी ही एक जागा उघडून पाहावी. संपादकाने विचार केला आहे की फक्त जुनी छपाई पुन्हा जुळवली आहे, ते तिथेच कळतं.

उणीव सरळ आहे. यात भाषांतर नाही, प्राचीन टीका नाही. पाठभेद आहेत, पण ते पहिल्या वाचनात उपयोगाचे नाहीत. ज्याने लघुकौमुदी (पाणिनीय व्याकरणाचं प्राथमिक पाठ्यपुस्तक) नीट केली आहे आणि ज्याला संस्कृत गद्य वाचण्याची सवय आहे, त्यालाच ही प्रत एकटी पुरेल. बाकीच्यांनी ती शेजारी ठेवायची.

प्रदीप आणि उद्द्योतासह छापलेल्या प्रती

कैयटाचा ‘प्रदीप’ आणि त्यावर नागेशभट्टाचा ‘उद्द्योत’, ही महाभाष्य वाचण्याची पारंपरिक जोडी. पान उघडलं की वर भाष्य, खाली प्रदीप, त्याखाली उद्द्योत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची प्रत यांत नावाजलेली. पुष्कळ विद्यार्थी पहिल्या नऊ आह्निकांचा ‘नवाह्निक’ खंडच घेतात, आणि पस्पशेसाठी तेवढा पुरे.

टीका का लागते? इन्द्रशत्रूचं उदाहरण घ्या. पतंजली श्लोक देतो: ‘दुष्टः शब्दः स्वरतो वर्णतो वा मिथ्याप्रयुक्तो न तमर्थमाह। स वाग्वज्रो यजमानं हिनस्ति यथेन्द्रशत्रुः स्वरतोऽपराधात्॥’ शब्द स्वराने चुकला तर तो यजमानालाच मारतो. पण नेमकी चूक काय झाली हे श्लोक सांगत नाही, आणि स्वरचिन्हं नसलेल्या छपाईत दोन्ही ‘इन्द्रशत्रु’ डोळ्यांना एकसारखेच दिसतात. तत्पुरुष घेतला तर अर्थ ‘इंद्राला मारणारा’. मग पाणिनीच्या ६.१.२२३ ‘समासस्य’ या सूत्राने शेवटचा स्वर उदात्त, म्हणजे उंच सुरातला, हवा. बहुव्रीही घेतला तर अर्थ ‘इंद्र ज्याचा मारणारा आहे तो’. मग ६.२.१ ‘बहुव्रीहौ प्रकृत्या पूर्वपदम्’ लागून पूर्वपदाचा स्वतःचा स्वर टिकतो, आणि ‘इन्द्र’ हा शब्द आद्युदात्त (पहिलं अक्षर उदात्त असलेला) आहे. इंद्राला मारणारा वृत्र निर्माण व्हावा म्हणून केलेल्या यज्ञात उच्चार करताना उदात्त पहिल्या अक्षरावर पडला, अर्थ उलटला आणि वृत्र मारला गेला. मंत्रातल्या एका स्वराचा परिणाम थेट फळापर्यंत पोचतो, ही कल्पना इथे सूत्रांच्या हिशोबाने सिद्ध होते. ‘उच्चार शुद्ध ठेवा’ अशा मोघम उपदेशावर ती सोडलेली नाही. टीका नसेल तर नवशिक्याला हा हिशोब मांडता येत नाही.

याच श्लोकाचा पहिला चरण पाणिनीय शिक्षेत (उच्चारशास्त्रावरच्या ग्रंथात) ‘मन्त्रो हीनः स्वरतो वर्णतो वा’ असा आहे. महाभाष्याच्या पानावर तो पाठ दिसला तर कोणीतरी आठवणीतून टाकला आहे असं समजावं. तसंच अशुद्ध उच्चारामुळे असुर हरले, हे सांगणारं वाक्य. महाभाष्यात ‘हेलयो हेलयः’ आहे, शतपथ ब्राह्मणात ‘हेऽलवो हेऽलवः’. संपादक एकाचा पाठ दुसऱ्याला लावून ‘दुरुस्ती’ करत असेल तर प्रत विश्वासाची नाही.

टीकांसह वाचताना एक सावधगिरी लागते. कैयट भाष्याकडे बघतो तो ‘वाक्यपदीय’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या भर्तृहरीच्या नजरेने. ‘येनोच्चारितेन सास्नालाङ्गूलककुदखुरविषाणिनां सम्प्रत्ययो भवति स शब्दः’, म्हणजे ज्याच्या उच्चाराने गळ्याखालचं पोळं, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंगं असलेल्या प्राण्याचा बोध होतो तो शब्द, असं पतंजली म्हणतो. लगेच ‘अथवा’ म्हणून पुढे जातो आणि लोकांत ज्याचा अर्थ कळतो त्या ध्वनीलाच शब्द म्हणतात, असाही पर्याय देतो. पहिल्या वाक्यावर कैयट स्फोटवाद (अर्थ सांगणारा शब्द वर्णांहून वेगळा, अखंड असतो हे मत) आणतो आणि नागेश तो आणखी वाढवतो. मोठी आणि खोल चर्चा आहे ती. वर्णांहून वेगळा स्फोट मानायला मीमांसक कुमारिल तयार नाही, आणि ब्रह्मसूत्रभाष्यात १.३.२८ वर शंकराचार्यही उपवर्षाचं ‘वर्णा एव तु शब्दः’ हे मत उचलून धरतात. नागेशाच्या ओळींमागे हा सगळा वाद उभा असतो. पण पस्पशेत पतंजलीने ‘शब्दब्रह्म’ असा सिद्धान्त मांडलेला नाही. ‘अनादिनिधनं ब्रह्म शब्दतत्त्वं यदक्षरम्’ हे वाक्यपदीयाचं पहिलं पाऊल आहे. व्याकरण हे ‘द्वारमपवर्गस्य’, मोक्षाचं दार आणि वाणीच्या मळांवरची चिकित्सा, हेही भर्तृहरीचंच. पतंजलीचा शब्द आहे अभ्युदय (उत्कर्ष, कल्याण) आणि धर्म. एकाच पानावर तिन्ही थर छापलेले असल्यामुळे ही सरमिसळ फार सहज होते. पहिल्या वाचनात फक्त वरचं भाष्य वाचावं, दुसऱ्यात प्रदीप, आणि उद्द्योताला हात तिसऱ्या वेळी लावावा.

मराठी महाभाष्य

मराठी वाचकाचं भाग्य असं की संपूर्ण महाभाष्य त्याच्या भाषेत आहे. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचं हे भाषांतर डेक्कन एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केलं. सहा खंड भाषांतराचे, आणि काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांचा सातवा प्रस्तावनाखंड १९५४ चा. वासुदेवशास्त्री नागेशभट्टाच्या शिष्यपरंपरेत शिकलेले, त्यामुळे वाक्य कुठे तोडायचं आणि शंका कुठे संपते, हे त्यांना पाठशाळेतूनच मिळालेलं होतं. शंका आणि समाधान यांची साखळी मराठीत उलगडताना हीच गोष्ट सर्वांत मोलाची ठरते.

हा संच हाताशी असेल तर पस्पशेतली सर्वांत गोंधळाची जागा सुटते. प्रश्न असा: शब्दाच्या ज्ञानात धर्म, की प्रयोगात? वार्तिक म्हणतं, ‘ज्ञाने धर्म इति चेत्तथाऽधर्मः’. ज्ञानात धर्म मानला तर शुद्ध शब्द जाणणारा अपशब्दही (इथे अर्थ शिवी नव्हे, अशुद्ध रूप) जाणतोच, तेव्हा अधर्मही लागेल. उलट जास्तच लागेल, कारण एका ‘गो’ शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अनेक अपभ्रंश. बरं, प्रयोगात धर्म म्हणावं, तर ‘प्रयोगे सर्वलोकस्य’. मग सगळ्या जगाचंच कल्याण व्हायला हवं, शास्त्र शिकणाऱ्याचे कष्ट वाया. यावर तिसरं उत्तर येतं: ‘शास्त्रपूर्वके प्रयोगेऽभ्युदयः’, शास्त्र जाणून केलेल्या प्रयोगात अभ्युदय. बहुतेक उद्धरणं इथे थांबतात. पतंजली मात्र थांबत नाही. ‘अथवा पुनरस्तु ज्ञान एव धर्मः’ म्हणून तो ज्ञानपक्ष पुन्हा उभा करतो. आम्ही शब्दाला प्रमाण मानणारे, आणि श्रुती शब्दज्ञानात धर्म सांगते, अपशब्दाच्या ज्ञानात अधर्म सांगत नाही. किंवा असं समजा, विहीर खणणारा आधी धुळीने-चिखलाने माखतो, पण पाणी लागलं की त्याच पाण्याने स्वच्छ होतो, वर आणखी लाभही मिळवतो. अपशब्दांच्या ज्ञानाचा दोष शुद्ध शब्दाच्या ज्ञानाने तसा धुऊन निघतो.

आणि मग यर्वाण-तर्वाण ऋषींची हकिगत. ‘यद्वा नस्तद्वा नः’ म्हणायच्या जागी हे ऋषी बोलताना ‘यर्वाणस्तर्वाणः’ म्हणत, पण ‘याज्ञे पुनः कर्मणि नापभाषन्ते’, यज्ञकर्मात कधी अपशब्द वापरत नसत. असुर यज्ञकर्मात चुकले, म्हणून हरले. अपशब्दाला दोष कुठे लागतो याची मर्यादा पतंजलीने इथे स्पष्ट आखली आहे. रोजच्या बोलण्यातल्या प्रत्येक अशुद्धाला तो पाप म्हणत नाही. ‘संस्कृतात अशुद्ध बोललं की अधर्म’ असं महाभाष्याच्या नावावर सांगितलं जातं, तेव्हा सांगणाऱ्याने हा परिच्छेद शेवटपर्यंत वाचलेला नसतो.

मराठी संचाची अडचण भाषेत नाही, वापरात आहे. तो मूळ ग्रंथाच्या बदली वाचला तर व्याकरणाच्या संज्ञा तोंडओळखीच्या राहतात, पक्क्या होत नाहीत. भाषाही शास्त्री वळणाची, आजच्या वाचकाला दोनदा वाचावी लागणारी. कीलहॉर्नची प्रत उजवीकडे, हा खंड डावीकडे, एका बैठकीत मूळच्या दहा-बारा ओळी. हा वेग पुरतो. सात खंड एकदम जमवायची गरज नाही. पस्पशेसाठी पहिला खंड लागतो, आणि प्रस्तावनाखंड सवडीने. जुन्या ग्रंथालयांत संच बहुधा सापडतो. आंतरजालावरची स्कॅन प्रत घेत असाल तर आधी पानांचे क्रमांक सलग आहेत का आणि तळाच्या टीपा कापल्या गेलेल्या नाहीत ना, हे पाहून घ्या. पाय कापलेलं पान इथे अर्धं पान आहे.

इंग्रजी आणि डिजिटल

शि. द. जोशी आणि रूडबर्गन यांनी केलेलं पस्पशाह्निकाचं इंग्रजी भाषांतर पुणे विद्यापीठाने १९८६ मध्ये काढलं. मूळ पाठ, भाषांतर आणि भरघोस टिपा असं त्याचं स्वरूप. परंपरेचं मत आणि आधुनिक अभ्यासकाचं मत वेगळं ठेवण्याची शिस्त त्यात आहे, म्हणून दुसऱ्या वाचनासाठी ते उत्तम. प्रारंभीच घेतलं तर टिपांच्या जंगलात मूळ संवाद हरवतो.

संकेतस्थळांवर आणि ॲपमध्ये महाभाष्य फुकट मिळतं आणि शोधाशोधीसाठी त्याला तोड नाही. ‘अपशब्द’ हा शब्द संपूर्ण ग्रंथात कुठे कुठे आला, हे छापील प्रतीतून काढायला दिवस जातील. सलग वाचनाला मात्र ते घेऊ नये. पहिली अडचण रचनेची. ही साधनं सूत्रक्रमाने बांधलेली असतात आणि पस्पशाह्निक तर पहिल्या सूत्राच्या, १.१.१ ‘वृद्धिरादैच्’च्याही, आधीचं. ते कधी त्या सूत्राखाली चिकटवलेलं असतं, कधी गाळलेलंच असतं. दुसरी अडचण पाठाची. यंत्राने ओळखलेल्या अक्षरांत ‘व’ आणि ‘ब’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ष’ आणि ‘प’ यांची अदलाबदल होते, अवग्रह (लोपलेल्या ‘अ’ची ‘ऽ’ ही खूण) गळतात. अवग्रह गळला की ‘तथाऽधर्मः’चं ‘तथाधर्मः’ होतं. संधी दोन्हीकडे तोच, पण नवशिक्या ते ‘तथा धर्मः’ असं तोडून वाचतो आणि पूर्वपक्ष नेमका उलटा समजतो. तिसरी, वार्तिकांचे क्रमांक आणि दंड नाहीसे झाल्यामुळे बोलणारा कोण हे कळण्याची शेवटची खूणही जाते.

ती खूण हरवली तरी संवाद ओळखायचे काही शब्द भाष्यातच आहेत, आणि ते कुठल्याही प्रतीत उपयोगी पडतात. ‘इति चेत्’ आलं की पक्ष मांडून लगेच त्यावर दोष येणार. ‘एवं तर्हि’ म्हणजे आधीचं उत्तर सोडून नवं. ‘ननु चोक्तम्’ म्हणजे मागची शंका पुन्हा उभी. ‘नैष दोषः’ इथून समाधान. ‘अथवा’ म्हणजे पर्यायी उत्तर, आणि ते आलं की आधीचं उत्तर सिद्धान्त म्हणून वहीत उतरवू नये. पानाच्या कडेच्या समासात पेन्सिलीने पूर्वपक्षाला ‘पू’ आणि सिद्धान्ताला ‘सि’ एवढंच लिहीत गेलं तरी पस्पशेचा नकाशा तयार होतो. त्यासाठी मोठा समास सोडलेली छपाई घ्यावी. टीकांसह प्रतींच्या काही स्वस्त पुनर्मुद्रणांत जोडाक्षरं भरून काळी होतात आणि पेन्सिल चालवायला जागाच राहत नाही. दुकानात प्रत पाहताना ‘ङ्ग’, ‘ञ्च’, ‘द्द्य’ ही अक्षरं वाचता येतात का ते बघा.

थोडक्यात निवड अशी. लघुकौमुदी झालेली नसेल तर मराठी खंड पहिला आणि कीलहॉर्न सोबतीला. लघुकौमुदी झाली असेल तर कीलहॉर्न आणि नवाह्निकाचा टीकांसह खंड. प्रवचनासाठी किंवा लेखासाठी उतारे हवे असतील तर डिजिटल पाठात शोधा, पण उतरवून घ्या तो कीलहॉर्नच्या पानावरून, आणि आधीचं-पुढचं वाचूनच.

पस्पशा संपल्यावर पुष्कळ जण थेट वाक्यपदीयाकडे वळतात. त्याआधी नवाह्निकातलं दुसरं, प्रत्याहाराह्निक वाचावं. अ इ उ ण् पासूनच्या चौदा सूत्रांवर, एकेका वर्णावर, अत्यंत रुक्ष वाटणारी चर्चा करून शेवटी पतंजली त्याच वर्णमालेला ‘ब्रह्मराशि’ म्हणतो. फुललेली, फळलेली, चंद्र-ताऱ्यांनी सजलेली वाणी, जिच्या ज्ञानाने सर्व वेदांच्या पुण्याचं फळ मिळतं. भर्तृहरीला शब्दब्रह्मापर्यंत जायची वाट कुठून दिसली असेल, हे या वाक्याशी आल्यावर कळतं. ते त्या आह्निकाच्या अगदी शेवटी आहे, तेव्हा नवाह्निकाची निवडक उताऱ्यांची संक्षिप्त आवृत्ती घेत असाल तर ते गाळलेलं नाही ना, याची खात्री करून घ्या.